वृत्तनिवेदक : दूरदर्शनच्या मराठी आवाजाची घडण

बातम्या सांगणाऱ्या व्यक्तीसाठी मराठीत वेगवेगळ्या काळांत वेगवेगळे शब्द वापरले गेले आणि त्यांतील प्रत्येक शब्दामागे त्या कामाविषयीची एक निराळी कल्पना उभी आहे. ‘वृत्तवाचक’ म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचणारा. ‘वृत्तनिवेदक’ म्हणजे तोच मजकूर समोरच्या माणसाला उद्देशून, त्याला समजेल अशा रीतीने मांडणारा. आणि गेल्या दोन दशकांत सर्वतोमुखी झालेला ‘अँकर’ म्हणजे मूळ अर्थाने नांगर, ज्याच्याभोवती वार्ताहर, तज्ज्ञ, दृश्ये आणि वाद यांचे सगळे तारू बांधलेले असते असा माणूस. हा तिसरा शब्द अमेरिकेत १९५२ च्या राजकीय पक्षांच्या अधिवेशनांचे वार्तांकन करणाऱ्या वॉल्टर क्रॉन्काइट यांच्या निमित्ताने रूढ झाला, असे सामान्यतः मानले जाते. आकाशवाणीच्या मराठी बातमीपत्रांनी मात्र या तिन्हींहून वेगळे क्रियापद निवडले होते. तेथे निवेदक स्वतःचे नाव सांगून ‘बातम्या देत आहे’ असे म्हणतो. ‘वाचणे’ हे एकट्याने करण्याचे काम आहे, ‘देणे’ या क्रियेला घेणारा लागतो; आणि या एका क्रियापदात त्या व्यवसायाची सगळी नीती सामावलेली आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्रावर १९७२ पासून पुढील सुमारे दोन दशकांत जो स्थानिक मराठी वृत्तनिवेदक घडला, त्याच्या आयुष्याचा आणि कामाचा विचार हा या व्याख्यानाचा विषय आहे. येथे ‘स्थानिक’ हे विशेषण महत्त्वाचे आहे, कारण राष्ट्रीय बातम्या दिल्लीहून हिंदी आणि इंग्रजीत येत असत, तर वरळीच्या केंद्रातून जाणारे मराठी बातमीपत्र हे एका प्रदेशाने स्वतःविषयी स्वतःच्या भाषेत केलेले रोजचे निवेदन होते. या निवेदकांकडे लोकांनी जो विश्वास सोपवला, तो त्यांच्या मतांमुळे, शोधपत्रकारितेमुळे किंवा वलयामुळे मिळालेला नव्हता. तो उच्चार, श्वास, विराम आणि संयम अशा सहसा लक्षातही न येणाऱ्या गोष्टींनी कमावलेला होता. जे लक्षात येत नाही त्याची श्रम म्हणून नोंद होत नाही, आणि म्हणूनच या माणसांचा इतिहास आठवणींत आहे तेवढा कागदावर नाही.

वृत्तनिवेदकाने दिसावे की नाही, हाच मुळात एके काळी वादाचा प्रश्न होता. बीबीसीच्या नभोवाणीवर बातम्या वाचणाऱ्यांची नावे दुसऱ्या महायुद्धापर्यंत सांगितली जात नसत. १९४० मध्ये ती सांगण्यास सुरुवात झाली ती केवळ यासाठी, की शत्रूने खोटे प्रक्षेपण केले तर श्रोत्याला ओळखीचा आवाज आणि परका आवाज यांतला फरक कळावा. पुढे दूरचित्रवाणी आली तरी बातम्या वाचणाऱ्याचा चेहरा दाखवण्यास ती संस्था बराच काळ राजी नव्हती, कारण चेहऱ्यावरील भावाने बातमीचा निःपक्षपातीपणा डागाळेल अशी भीती होती, आणि १९५५ च्या सप्टेंबरात निवेदक प्रथम पडद्यावर आला तेव्हाही तो सावधपणेच आला. भारतीय दूरचित्रवाणी दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली ती आकाशवाणीच्या पोटी, आणि १ एप्रिल १९७६ रोजी ‘दूरदर्शन’ या नावाने वेगळी होईपर्यंत ती आकाशवाणीचाच भाग होती. त्यामुळे आवाजाला अग्रक्रम आणि चेहऱ्याला दुय्यम स्थान ही नभोवाणीची शिस्त तिच्या रक्तात होती.

मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळी येथे सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे पुण्याच्या परिसरातही त्याचे कार्यक्रम दिसू लागले. सहक्षेपण म्हणजे एका केंद्राचा कार्यक्रम दुसऱ्या ठिकाणच्या मनोऱ्यावरून जसाच्या तसा पुढे सोडणे. दूरचित्रवाणी संच बाळगण्यासाठी रेडिओप्रमाणेच परवाना लागत असे, संच महाग होता, आणि एखाद्याच घरी तो असल्यामुळे संध्याकाळी शेजारपाजारची मंडळी चाळीच्या त्या एका खोलीत जमत. पडदा कृष्णधवल होता, वाहिनी एकच होती, आणि म्हणून बातम्या पाहायच्या की नाहीत असा पर्याय प्रेक्षकापुढे फारसा नव्हता. ज्याला आज ‘प्रेक्षकसंख्या’ म्हणतात ती निवेदकाला आपोआप मिळत होती. विश्वास मात्र आपोआप मिळत नव्हता. या दोन गोष्टींची गल्लत करून ‘तेव्हा दुसरे होतेच काय’ असे म्हणत त्या पिढीचे काम निकालात काढणे अन्यायाचे आहे.

बातमीपत्र तयार होण्याची रीत पाहिली की निवेदकाच्या कामाचे खरे स्वरूप कळते. वृत्तसंस्थांच्या बातम्या टेलिप्रिंटरवर, म्हणजे तारेने आलेला मजकूर आपोआप टंकित करणाऱ्या यंत्रावर, मुख्यतः इंग्रजीत येत असत; वृत्तविभागातील संपादक त्यांतून निवड करीत आणि मराठी मजकूर सिद्ध होऊन सुट्या कागदांवर निवेदकाच्या हाती येई. चित्रीकरण सोळा मिलिमीटरच्या फितीवर होत असल्यामुळे ती प्रयोगशाळेत धुऊन, कापून, जोडून तयार होईपर्यंत वेळ जाई, आणि पुष्कळदा मूक दृश्यांवर निवेदकाला थेट प्रक्षेपणातच आपला आवाज जुळवावा लागे. डोळ्यांसमोर मजकूर सरकत नेणारे टेलिप्रॉम्प्टर हे यंत्र सार्वत्रिक होण्यापूर्वीच्या काळात निवेदक कागदावर पाही, वाक्याचा उत्तरार्ध मनात धरी आणि तो बोलताना नजर वर उचलून कॅमेऱ्याकडे पाही. ही नजर वर जाण्याची आणि खाली येण्याची लय वाक्याच्या अर्थाशी जुळली नाही तर माणूस वाचतो आहे हे उघडे पडते, आणि जुळली तर तो सांगतो आहे असे वाटते. बातमीपत्र चालू असताना एखादी नवी बातमी चिठ्ठीवर येऊन टेबलावर ठेवली जाई, आणि पूर्वी कधीही न पाहिलेले ते वाक्य पहिल्याच वाचनात लाखो लोकांपुढे बिनचूक उच्चारावे लागे. आकाशवाणी-दूरदर्शनच्या बोलीत अडखळण्याला ‘फंबल’ म्हणतात. तो टाळणे हे कौशल्य खरेच, पण झालाच तर चेहऱ्यावर त्याची सावली न पडू देता पुढे जाणे हे त्याहून मोठे कौशल्य होते.

मराठी वाक्यरचनेने या कामात आपली स्वतःची अडचण घातलेली आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकारही शेवटी येतो. ‘मागणी मान्य केली’ आणि ‘मागणी मान्य केली नाही’ यांतला फरक वाक्य संपेपर्यंत कळत नाही, त्यामुळे सुरुवातीपासूनच स्वराची चढउतार शेवट ठाऊक असल्यासारखी ठेवावी लागते. याहून सूक्ष्म प्रश्न आहे तो ‘असे’ या छोट्या शब्दाचा. ‘राज्यात पुरेसा धान्यसाठा असून टंचाईची भीती बाळगण्याचे कारण नाही, असे मंत्र्यांनी आज सांगितले’ हे नमुन्यादाखल घेतलेले वाक्य पाहावे. इंग्रजी बातमीत बोलणाऱ्याचे नाव बहुधा आरंभीच येते; मराठीत ‘ते म्हणाले, की’ ही रचना उपलब्ध असली तरी बातमीची घडण पुष्कळदा ‘असे’ने मिटणारी असते. परिणाम असा होतो, की श्रोता विधान आधी ऐकतो आणि विधान कोणाचे हे त्याला नंतर कळते, आणि मधल्या काही क्षणांत मंत्र्याचा दावा वस्तुस्थिती म्हणून त्याच्या मनात उतरलेला असतो. शासकीय माध्यमात ही केवळ व्याकरणाची बाब राहत नाही. चांगला निवेदक तो ‘असे’ किंचित सुटा, त्याआधी निमिषभर थांबून उच्चारतो, आणि त्या निमिषभराच्या विरामाने सरकारचे म्हणणे आणि बातमी यांच्यामध्ये एक पातळ पण प्रामाणिक रेघ ओढतो. त्याला मजकूर बदलण्याचा अधिकार नव्हता. विराम घेण्याचा अधिकार होता.

दुसरी कसोटी गावांच्या नावांची. इंग्रजी लिपीतून आलेल्या नावात ‘ल’ की ‘ळ’, ‘ट’ की ‘त’, ऱ्हस्व की दीर्घ यांपैकी काहीच दिसत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील मूल आणि पुण्याजवळचे मुळशी, परळी आणि पाली, धुळे आणि दौंड, या प्रत्येक नावाचा उच्चार कागदावरून नव्हे तर प्रदेशाच्या माहितीवरून येतो, आणि ज्या गावात अपघात किंवा दंगल झाली त्या गावच्या माणसाला आपल्या गावाचे नाव चुकीचे ऐकू येणे हा दुहेरी आघात असतो. देवनागरीही सगळे सांगत नाही. ‘चोर’मधला दंत्य च आणि ‘चित्र’मधला तालव्य च, म्हणजे जीभ दातांच्या मुळाशी लावून केलेला आणि टाळूला लावून केलेला उच्चार, लिपीत एकाच अक्षराने दाखवले जातात, तसेच ‘जोर’ आणि ‘जीव’ यांतले ज. संख्यांची तर वेगळीच परीक्षा, कारण मराठीत शंभरापर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक संख्येला स्वतंत्र शब्द आहे आणि एकोणसाठ, एकोणसत्तर, त्रेसष्ट, त्र्याहत्तर ही मंडळी धावत्या वाचनात एकमेकांच्या जागी सहज येऊन बसतात. एखाद्या गाडीच्या अपघातातील मृतांची संख्या सांगताना अशी चूक झाली तर तिची दुरुस्ती दुसऱ्या वाक्यात करता येते, पण ज्याचा माणूस त्या गाडीत होता त्याचे मधले क्षण परत करता येत नाहीत.

हे काम करणारी माणसे कोठून आली, हे पाहिले की त्या काळाच्या महाराष्ट्राचे एक छोटे चित्र उभे राहते. मुंबई दूरदर्शनचे पहिले मराठी वृत्तनिवेदक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते डॉ. विश्वास मेहेंदळे पुढे लेखक, व्याख्याते आणि माध्यमशिक्षक झाले. ‘यशवंतराव ते विलासराव’ हे मुख्यमंत्र्यांवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे आणि पुण्यातील सिंबायोसिसच्या जनसंज्ञापन संस्थेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. अनंत भावे हे मराठीचे प्राध्यापक आणि बालसाहित्यकार. मुलांसाठी शब्दांशी खेळणारा हा लेखक संध्याकाळी पडद्यावर अत्यंत नेमक्या, निर्लेप मराठीत बातम्या देत असे. निवेदकांपैकी अनेक जण केंद्राच्या कायम नोकरीत नव्हते. त्यांना बातमीपत्रागणिक मानधन मिळे आणि उपजीविका महाविद्यालयात, कचेरीत, रंगभूमीवर किंवा जाहिरातींच्या ध्वनिमुद्रणात चाले. ज्या चेहऱ्याला सगळा महाराष्ट्र ओळखत होता, त्या चेहऱ्याची नोकरी बहुधा दुसरीकडेच होती. या व्यवस्थेने निवेदकाला एक प्रकारचे स्वातंत्र्यही दिले, पण निवृत्तिवेतन, बढती आणि सेवापुस्तिका यांपासून त्याला कायमचे दूर ठेवले.

भक्ती बर्वे यांचे उदाहरण या सर्वांत अधिक विचार करायला लावणारे आहे. बालरंगभूमीपासून घडलेली ही अभिनेत्री दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात वृत्तनिवेदिका म्हणून घरोघरी पोचली, आणि त्याच दशकात, १९७५ मध्ये, पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’त त्यांनी मंजुळेची भूमिका केली. बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’वरून घेतलेल्या या नाटकाचा विषयच मुळी उच्चार हा आहे: फुले विकणाऱ्या मुलीला शुद्ध बोलायला शिकवून वरच्या वर्गात खपवता येते, अशी पैज एक भाषाशास्त्रज्ञ घेतो, आणि त्या शिकवणीतून भाषा म्हणजे केवळ भाषा नसून ती माणसाची पायरी ठरवणारे माप आहे हे उघड होते. एकाच स्त्रीने काही संध्याकाळी दूरदर्शनवर प्रमाण मराठीचा सर्वमान्य नमुना व्हावे आणि काही संध्याकाळी रंगमंचावर त्याच प्रमाण मराठीने जिचा पाणउतारा केला तिचा संताप बोलावा, यात केवळ अभिनयाचे वैविध्य नाही. त्या काळातील मराठी समाजाच्या मनातला एक न सुटलेला प्रश्न त्या एका कंठात एकत्र आला होता. स्वतः पु. ल. दिल्लीच्या दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या निर्मात्यांपैकी होते, हेही येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. भक्ती बर्वे १२ फेब्रुवारी २००१ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील अपघातात गेल्या.

हा प्रश्न बाजूला सारून वृत्तनिवेदकाचा केवळ गौरव करणे योग्य होणार नाही. प्रमाण मराठी म्हणजे शिक्षण, शासन आणि मुद्रण यांनी मान्य केलेले भाषेचे रूप. ते एकोणिसाव्या शतकात मुख्यतः पुण्याच्या आणि त्यातही उच्चवर्णीयांच्या बोलीच्या पायावर उभे राहिले. दूरदर्शनने त्याला प्रथमच रोज ऐकू येणारा आणि दिसणारा आवाज दिला. ‘आणि’ला ‘आनि’ म्हणणारा माणूस त्या खुर्चीवर बसू शकत नव्हता, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा मराठवाडी वळणाचे बोलणे बातमीत आले तर ते दुसऱ्याच्या तोंडी, नमुना म्हणून येई. त्याच केंद्रावरील ‘आमची माती, आमची माणसं’ या शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात मात्र बोलीतली मराठी मोकळेपणाने नांदत होती. शेतीची माहिती बोलीत सांगता येते, मग विधिमंडळाची बातमी का नाही, या प्रश्नाला कोणी नियमाचे उत्तर दिले नाही. ते सवयीचे उत्तर होते. तरीही दुसरी बाजू खरी आहे. विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या आणि कोकणातल्या असंख्य विद्यार्थ्यांनी, विशेषतः ज्यांच्या घरात पहिलीच पिढी शिकत होती त्यांनी, या बातम्या ऐकून सभेत बोलण्याची मराठी आपलीशी केली, आणि पुढे तीच मराठी वापरून त्याच व्यवस्थेला प्रश्न विचारले. दार बंद करणाऱ्या आवाजानेच दाराची कडी कशी काढतात हेही शिकवले.

स्मिता पाटील यांची गोष्ट अधिक परिचित असल्याने ती थोडक्यात पुरे. १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात जन्मलेल्या, राजकारण आणि समाजकार्य यांत असलेल्या आईवडिलांच्या या मुलीने अगदी तरुण वयात मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचल्या. दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी त्यांना तेथेच पाहिले, आणि १९७५ च्या ‘चरणदास चोर’पासून ‘मंथन’, ‘भूमिका’ असा प्रवास सुरू झाला. जीन्सवरच साडी गुंडाळून त्या बातम्यांना बसत, ही त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाणारी हकिकत मजेने सांगितली जाते. परंतु निवेदिकेने साडीतच दिसावे या अलिखित दंडकाचा भार तरुण मुलींनी कसा पेलला, याची ती लहानशी नोंदही आहे. बेनेगल यांनी जे हेरले ते वृत्तनिवेदनाच्या शिस्तीचेच फळ होते असे मानता येते: भावना न दाखवता ती असल्याची जाणीव देणारा चेहरा.

स्त्री निवेदिकेच्या चेहऱ्यावर किती भार टाकला जातो, याचा सर्वांत उघड दस्तऐवज मात्र अमेरिकेतील एका खटल्यात सापडतो. कॅन्सस सिटी या शहरातील स्थानिक वाहिनीवर १९८१ च्या आरंभी रुजू झालेल्या क्रिस्टीन क्राफ्ट यांना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, निवेदिकेच्या पदावरून खाली आणण्यात आले. आपण फार वयस्क आहोत, दिसायला पुरेशा आकर्षक नाही आणि पुरुषांपुढे नमून वागत नाही, असे आपल्याला सांगण्यात आले, असे त्यांचे म्हणणे होते. ते वाहिनीने नाकारले. त्यांनी काय घालावे याचे दिवसवार वेळापत्रक एका सल्लागार संस्थेने आखून दिले होते. ज्यूरीने, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांनी, १९८३ मध्ये पाच लाख डॉलर भरपाई ठरवली. न्यायाधीशांनी तो निकाल बाजूला ठेवला. १९८४ च्या दुसऱ्या सुनावणीत दुसऱ्या ज्यूरीने सव्वातीन लाख डॉलर ठरवले. अपील न्यायालयाने तेही रद्द केले आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. क्राफ्ट पुढे स्वतः वकील झाल्या. कंत्राटी मानधनावर काम करणाऱ्या मराठी निवेदिकेला असा खटला उभा करण्याची भूमीच नव्हती. तिला काढावे लागत नसे, पुढचे बोलावणे न धाडणे पुरत असे.

ज्या एका नावाभोवती या सगळ्या परंपरेची आठवण गोळा झाली ते नाव प्रदीप भिडे यांचे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेचे शिक्षण घेतलेल्या भिडे यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून सुमारे चार दशके मुंबई दूरदर्शनवर बातम्या दिल्या आणि त्याबरोबरच माहितीपट, जाहिराती आणि समारंभांनाही आवाज दिला. त्यांचा स्वर खर्जातला, भरदार होता; पण त्यांचे मर्म त्या भरदारपणात नव्हते, तो आवरून धरण्यात होते. भरदार आवाजाच्या माणसाला प्रत्येक बातमी गंभीर करण्याचा मोह होतो, आणि मग पावसाची बातमी आणि स्फोटाची बातमी एकाच उंचीवर जाऊन बसतात. भिडे यांच्या निवेदनात बातमीगणिक वजन बदलत असे. ७ जून २०२२ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा लोकांनी व्यक्त केलेल्या आठवणींत एखाद्या विशिष्ट बातमीचा उल्लेख क्वचितच होता. होता तो घरातल्या त्या वेळेचा, दिवेलागणीचा, स्वयंपाकघरातून येणाऱ्या आवाजांचा, आणि त्यात मिसळलेल्या या एका स्वराचा. आपण पुसून जावे आणि सांगितलेले उरावे ही निवेदकाची शिस्त असताना, घडले ते उलटेच: सांगितलेले विस्मरणात गेले आणि माणूस उरला.

या विश्वासाची एक काळी बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. जून १९७५ ते मार्च १९७७ या आणीबाणीच्या काळात वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी होती, १९७६ च्या फेब्रुवारीत चारही प्रमुख वृत्तसंस्थांचे ‘समाचार’ नावाच्या एकाच संस्थेत विलीनीकरण करण्यात आले, आणि सरकारच्या ताब्यातील दूरचित्रवाणीला तर वेगळ्या तपासणीचीही गरज नव्हती. निवेदकाने त्या काळात जे हाती आले ते वाचले. मजकूर आपला नाही हा त्याचा बचाव खरा होता, पण पुरेसा नव्हता, कारण मजकुराला विश्वसनीयता देणारा आवाज त्याचाच होता. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधी यांच्या मृत्यूची बातमी बीबीसीने दिल्यावर कित्येक तासांनी, संध्याकाळी, ती भारतीय माध्यमांनी अधिकृतपणे सांगितली. तोवर लोक परदेशी केंद्राकडे कान लावून बसले होते. निवेदकावरचा विश्वास आणि संस्थेवरचा विश्वास या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिला असूनही दुसरा आटू शकतो, हे त्या दिवशी दिसले.

याउलट १९९२-९३ च्या मुंबईतील दंगली, १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट आणि त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या परिसरात झालेला भूकंप या प्रसंगी स्वर न चढवण्याची तीच जुनी शिस्त उपयोगी ठरली. दंगलीच्या बातमीत समाजांची नावे न घेता ‘दोन गटांत’ असे म्हणण्याचा संकेत आज अनेकांना पळवाट वाटतो, आणि काही वेळा ती पळवाट होतीही. पण ज्या रात्री एका चुकीच्या शब्दाने पुढची वस्ती पेटू शकते, त्या रात्री न उच्चारलेला शब्द हेही वृत्तनिवेदनच असते.

उपग्रह वाहिन्यांच्या आगमनानंतरचा इतिहास ताजा असल्याने येथे विस्तार नको. १९९२ मध्ये झी, १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ई टीव्ही मराठी, आणि २००७-०८ मध्ये झी चोवीस तास, स्टार माझा, आयबीएन लोकमत अशा अखंड वृत्तवाहिन्या आल्या. ई टीव्हीच्या मराठी बातम्या हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीतून प्रक्षेपित होत, पण जिल्ह्याजिल्ह्यांतील वार्ताहरांच्या जाळ्यामुळे त्यांत तालुक्याच्या गावांची नावे वरळीपेक्षा अधिक ऐकू येत. स्थानिकता ही स्टुडिओच्या पत्त्यावर अवलंबून नसते, याचा हा पुरावा. नव्या निवेदकाच्या कानात टॉकबॅक असतो, म्हणजे निर्मात्याच्या सूचना ऐकवणारे छोटे यंत्र, आणि त्या सूचना ऐकत, समोर मजकूर नसताना, तासन् तास बोलण्याचे त्याचे कसब जुन्या निवेदकाला क्वचितच साधले असते. तो पुष्कळदा स्वतः पत्रकार असतो, आणि बीड, लातूर, जळगाव, चंद्रपूर येथून आलेले मुलगे-मुली आपल्या बोलण्याचे वळण न पुसता पडद्यावर येतात, ही निःसंशय मोठी कमाई आहे. हरवला तो विराम. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याच्या वेळी झालेल्या थेट प्रक्षेपणावर २०१२ च्या ऑगस्टमधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने कठोर टीका केली, कारण इमारतींच्या आतल्या हल्लेखोरांना बाहेरच्या हालचाली कळवण्याचा धोका त्याने निर्माण केला होता. जे दिसते ते तत्काळ सांगणे आणि जे सांगायला हवे ते सांगणे यांमधील अंतर तेथे मिटले होते.

ते अंतर राखणारे वृत्तनिवेदन आज कोठे शिल्लक असेल, तर ते मोठ्या वाहिन्यांपेक्षा शहराशहरांतील केबलवरच्या बातमीपत्रांत शोधावे लागते. तेथील निवेदक किंवा निवेदिका बहुधा शिक्षिका, कीर्तनकार, महाविद्यालयीन विद्यार्थी किंवा दुकान चालवणारा माणूस असतो, मानधन नाममात्र असते, आणि प्रेक्षक दुसऱ्या दिवशी भाजी घेताना भेटतात. पाणी कोणत्या भागात कधी येणार, वीज कोणत्या फीडरवर किती वाजता जाणार, बाजार समितीत गुळाचा भाव काय निघाला, अशा या बातम्या. पावसाळ्यात कोल्हापूरकरांचे कान एका आकड्याकडे लागलेले असतात: राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेच्या पाण्याची पातळी. एकोणचाळीस फूट ही इशारा पातळी आणि त्रेचाळीस फूट ही धोका पातळी हे तेथे शाळकरी मुलालाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी पन्नास फुटांच्या वर गेले होते. राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले आणि किती क्युसेक, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट, विसर्ग सुरू आहे, हे वाचताना निवेदिका संख्या आधी अंकांत सांगते, मग अक्षरांत पुन्हा सांगते, आणि त्यानंतर पाण्याखाली गेलेले बंधारे आणि बंद झालेले रस्ते गावांच्या नावांसह एकेक करून, प्रत्येक नावानंतर थांबून वाचते, कारण त्या प्रत्येक नावाच्या गावात कोणीतरी ओसरीवर बांधलेले जनावर सोडावे की न सोडावे याचा निर्णय करण्यासाठी पुढच्या नावाची वाट पाहत असते.